एक वीत दोरा

मित्रांनो, मी माइक आहे आणि मी म्हातारा आहे, हे दोन्ही मला पाहिल्याबरोबर कळतं. माझ्या जाळीला डाव्या बाजूने पोचा आहे, मुठीवरचा रंग झिजून खालचा धातू दिसू लागला आहे आणि गळ्यात एक पांढरा दोरा बांधलेला आहे. पोचा कसा पडला ते एका वाक्यात सांगून होईल. दोऱ्याची गोष्ट मात्र मोठी आहे, आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेला मी एकटाच आहे.

आधी माझी अंगकाठी सांगतो. जाळीच्या आत कागदाहून पातळ असा पडदा आहे. पडद्याला केसासारख्या बारीक तारेचं वेटोळं चिकटवलेलं आहे आणि वेटोळ्याच्या मधोमध लोहचुंबक आहे. तुम्ही बोललात की हवा हलते, हवेने पडदा हलतो, त्याबरोबर वेटोळं हलतं आणि तारेत वीज निघते. माझं काम एवढंच. कोण खरं बोलतोय आणि कोण थापा मारतोय याच्याशी मला कर्तव्य नाही. ते वेटोळं कारखान्यातल्या एका कामगार बाईने भिंगातून बघत गुंडाळलं. काम करताना ती एक अक्षर बोलत नसे, कारण श्वास जोराने सोडला तरी तार जागची हलायची. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं ऐकणारा मी असा शांततेत जन्मलो.

माझी उमेदीची वर्षं एका सभागृहात गेली. तिथे मला मान होता. लोक मला टिचक्या मारत, फुंकर घालत, "हॅलो, हॅलो, वन टू थ्री" म्हणत आणि एकदा सुरू झाले की आवरत नसत. एका वक्त्याने मुद्दा पटवून देताना टेबलाऐवजी माझ्यावरच मूठ आपटली, तोच हा पोचा. गाणारे मात्र शहाणे होते. त्यांना माझ्या जातीचं एक गुपित ठाऊक होतं. आमच्या फार जवळ तोंड नेलं की आवाज नुसता मोठा होत नाही, त्याचा खर्जही फुगतो आणि किरकोळ अंगाचा गवईसुद्धा भारदस्त वाटतो. पण त्यात एक अडचण असते. 'प' किंवा 'ब' म्हणताना ओठांतून सुटलेली हवा थेट पडद्यावर येऊन आदळते आणि धप्प असा आवाज होतो. हे गुपित ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढे बिनतारी माइक आले आणि माझी रवानगी कपाटात झाली. गरज सरो, वैद्य मरो, ही रीत माणसांनी वस्तूंनाही लागू केलेली आहे. दोन वर्षांनी सभागृहाच्या आवाजवाल्याने मला एका दवाखान्यात देऊन टाकलं. त्याची लांबची भाची तिथे वाचेचे उपचार करायची आणि तिच्याकडे धड माइक नव्हता.

तिला सगळे दोराताई म्हणत. कारण असं की तिने माझ्या गळ्यात एक दोरा बांधला होता, बरोबर एक वीत लांबीचा. कोणीही माझ्यासमोर बसलं की ती दोऱ्याचं मोकळं टोक त्याच्या हनुवटीला टेकवायची, दोरा ताणून बघायची आणि मगच आवाज नोंदवायची. आज एक वीत आणि पुढच्या आठवड्यात दीड वीत असं झालं तर आकड्यांना काही अर्थ राहत नाही, असं ती म्हणे. दोरा लावून झाला की ती काचेपलीकडच्या खोलीत जाऊन कॉम्प्युटरसमोर बसायची. काचेकडे मुद्दाम पाठ करून बसायची. माणसाचा चेहरा दिसला की न कळलेला शब्दही कळल्यासारखा वाटतो, आणि तिला नुसतं ऐकायचं असे.

एके दिवशी एक जोडपं आलं. बाई प्राथमिक शाळेत शिकवत होत्या. त्यांचे यजमान कपडे शिवायचे, त्यामुळे सगळे त्यांना टेलरकाका म्हणत. ते आमच्याकडे आले नव्हते, शेजारच्या खोलीत कानाच्या डॉक्टरांकडे आले होते. बाईंची तक्रार अशी की यांना हल्ली ऐकू येत नाही, एक गोष्ट तीन-तीनदा सांगावी लागते. डॉक्टरांनी काकांचे कान तासभर तपासले आणि ते ठणठणीत निघाले.

"मग घरात का ऐकू येत नाही?" बाई म्हणाल्या.

"काय म्हणालात?" डॉक्टर म्हणाले.

आणि तिथेच सगळा उलगडा झाला. हे डॉक्टरांनीच ताईंना माझ्यादेखत सांगितलं. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, अशी एक आडदांड म्हण आहे. बाईंना ती लावू नये, पण घडलं होतं तसंच. खाली गेला होता बाईंचा आवाज आणि तपासणी झाली काकांच्या कानांची.

बाईंना कंपवात होता. उजवा हात थोडा थरथरायचा आणि त्याची गोळी त्या घेत होत्या. पण त्याच दुखण्याने आवाजही कुरतडला जातोय हे त्यांना ठाऊक नव्हतं. मित्रांनो, इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. बाईंची बुद्धी शाबूत होती, शब्द सगळे आठवत होते, कविता तोंडपाठ होत्या. बिघडला होता तो मेंदूकडून स्नायूंना जाणारा हुकूम. छाती, गळा, जीभ, ओठ ही सगळी कामगार मंडळी हजर होती, पण मुकादमाचा हुकूमच अर्धवट पोचत होता, त्यामुळे कामही अर्धवट होत होतं.

मी काय टिपलं ते सांगतो. एका श्वासात लांब 'आ' म्हणायला सांगितलं, तो सातव्या सेकंदाला संपला आणि संपायच्या आधीच थरथरला. धडा वाचताना आवाज वर जाईना की खाली येईना. कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्याची रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ आली. प्रश्न आणि उत्तर एकाच सुरात. मग 'प-त-क, प-त-क' भराभर म्हणायला सांगितलं. 'प' म्हणताना ओठ क्षणभर पूर्ण मिटावे लागतात, त्या क्षणात अगदी शांतता असते आणि मग आवाज फुटतो. बाईंचे ओठ पुरते मिटत नव्हते. त्या शांततेत वाऱ्यासारखी फसफस भरली होती आणि तिन्ही अक्षरं घाईघाईने एकमेकांत मिसळत होती. 'आ', 'ई' आणि 'ऊ' म्हणताना जीभ तोंडात कुठे जाते त्या जागा जोडून ताई एक त्रिकोण काढत, जीभ जितकी मोकळी हलेल तितका तो मोठा. चांगल्या आवाजाचा त्रिकोण रुमालाएवढा असला तर बाईंचा खिशाएवढा झाला होता. आवाजाचा जोर साध्या बोलण्याला हवा त्याच्या बराच खाली होता.

"ताई, माझा वर्ग राहिला पाहिजे," बाई म्हणाल्या. "ही मुलं पहिलीपासून माझ्याकडे आहेत. आता चौथीत आहेत. ह्यांना पाचवीच्या दारापर्यंत पोचवायचं आणि मग काय व्हायचं ते होऊ दे."

मुख्याध्यापकांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं की मागच्या मुलांना काही ऐकू येत नाही. सहामाहीपर्यंत आवाज सुधारला तर वर्ग त्यांचा, नाही तर त्यांनी ग्रंथालय सांभाळायचं.

दर मंगळवारी दोघं येऊ लागली. ताई व्यायाम घेत, घरचा अभ्यास देत आणि शेवटी दोरा लावून आवाज नोंदवत. काका बाईंच्या शेजारी स्टुलावर बसत. पहिल्या दोन आठवड्यांत आवाजाच्या जोराचा आकडा हलला नाही. घरी जाताना बाईंचा चेहरा उतरलेला असे आणि काका काहीबाही बोलून तो वर आणायला बघत.

तिसऱ्या आठवड्यात ताईंची पाठ वळल्यावर काकांनी हात पुढे केला आणि मला दोन बोटं बाईंकडे सरकवलं. वाचन संपल्यावर परत जागेवर ठेवलं. बाईंना वाटलं, ताईंनीच तसं सांगितलं असेल. पुढच्या आठवड्यात थोडं आणखी. सातव्या आठवड्यापर्यंत मी बाईंपासून जेमतेम अर्ध्या वितीवर होतो. त्यांचा श्वास माझ्या जाळीवर लागत होता.

मला हे कळत होतं का? कळत होतं. पण मला तोंड नाही, कान आहेत. मी जे आलं ते पुढे पाठवलं.

आकडा मात्र चढला. एक, दोन, चार असं करत सातव्या मंगळवारी तो पूर्ण सहा डेसिबलनी वर होता. ताईंचा चेहरा खुलला. अंतर निम्मं केलं की आकडा साधारण सहाने वाढतो, हे त्या पहिल्या वर्षाला शिकल्या होत्या. पण आवडीचा आकडा आला की त्याची झडती कोणी घेत नाही. त्यांनी मुख्याध्यापकांसाठी आवाज सुधारल्याचं पत्र लिहून दिलं आणि महिन्याने या म्हणून सांगितलं. बाईंनी ते पत्र घडी घालून पर्समध्ये ठेवलं, मग पुन्हा काढून वाचलं. काका त्यांच्याकडे बघत होते.

पंधरा दिवसांनीच बाई आल्या, मंगळवार नसताना. काका मागून आले.

"ताई, आकडा वाढला ना माझा?"

"वाढला की."

"मग मुलं पुढे का सरकली?"

झालं होतं असं. बाई शिकवू लागल्या की शेवटच्या दोन बाकांवरची मुलं हळूच उठून पुढे यायची आणि त्यांच्या टेबलाभोवती जमिनीवर बसायची. बाईंना वाटलं, माया आहे. त्या कौतुकाने बघत राहिल्या. परवा मुख्याध्यापक अचानक वर्गात आले. मागे दोन बाकं रिकामी आणि पुढे मुलांचा घोळका. त्यांनी एका मुलीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तिकडे बाई दिसतात फक्त." मुख्याध्यापक रागावले नाहीत. त्यांनी पत्र पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "महिनाअखेरीस मी स्वतः शेवटच्या बाकावर बसतो. मला ऐकू आलं तर वर्ग तुमचा. पत्र नको."

ताईंनी सगळ्या नोंदी काढल्या आणि दोन एकामागून एक लावल्या. पहिली, मग सातवी. सातव्या नोंदीत 'पाऊल' शब्द आला आणि धप्प झालं. 'बाग' आला, पुन्हा धप्प. ताईंनी पडद्यावर चित्र काढलं. खर्जाच्या जागी पहिल्या नोंदीत काही नव्हतं, सातवीत तिथे फुगवटा होता. 'आ'चा, 'ई'चा आणि 'ऊ'चा त्रिकोण मात्र तसाच खिशाएवढा. ज्या आवाजाचा जोर वाढला म्हणतात तो सुधारला कुठेच नव्हता, नुसता जवळ आला होता. सभागृहातलं माझं गुपित इतक्या वर्षांनी असं कामाला आलं.

"माइक कोणी हलवला?" ताईंनी विचारलं.

काकांनी मान खाली घातली. म्हणाले, "ताई, आमच्या धंद्यात एक रीत आहे. गिऱ्हाईक सुटलं, कंबर वाढली, तरी माप घेताना मोठ्याने जुनाच आकडा म्हणायचा. वहीत खरा लिहायचा आणि कपडा अंगाबरोबर शिवायचा. माणूस खुशीत घरी जातो. त्यात कोणाचं काही जात नाही. मला वाटलं, आकडा बघून हिला उभारी येईल."

"काका, आवडीचा आकडा तुम्ही सांगितलात," ताई म्हणाल्या. "पण कपडा कोणी शिवला?"

ताई स्वतःवरही चिडल्या होत्या. बाई मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकल्या होत्या. त्यांनी पहिली नोंद पुन्हा लावायला सांगितली, दोऱ्याच्या अंतरावरची, खरी. ती पुटपुट ऐकून त्या म्हणाल्या, "ही मी आहे?"

"हो."

"पण मला तर मी नेहमीसारखीच बोलते असं वाटतं."

"तेच तर ह्या दुखण्याचं लबाड काम आहे. आवाज लहान होतो आणि आवाज मोजणारं आतलं मापही लहान होतं. टेप आखडली तर टेलरला कळणार कसं?"

बाई काकांकडे वळल्या. "म्हणजे तुम्हाला ऐकू येत नव्हतं असं नाही. मी बोलतच नव्हते. आणि मी तुम्हाला कानाच्या डॉक्टरकडे नेलं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग अलीकडे तुम्ही 'काय' म्हणायचं बंद का केलंत?"

"कान चांगले निघाल्यावर कुठल्या तोंडाने विचारू? अंदाजाने समजून घ्यायचो."

ताईंनी जवळून झालेल्या नोंदी रद्द ठरवल्या आणि त्या दिवशी दोन नियम घातले. बाईंनी आपल्याला ओरडल्यासारखं वाटेल इतक्या जोराने बोलायचं, कारण त्यांचं ओरडणं म्हणजे इतरांचं साधं बोलणं होतं. आणि काकांनी ऐकू आलं नाही तर प्रत्येक वेळी "काय?" म्हणायचं. अंदाज बंद, कौतुक बंद. जुना दोरा विरला होता, तो काढून नवा बांधायचं ठरलं. काकांनी खिशातलं रीळ काढलं, माझ्या शेजारी पट्टी ठेवून पुन्हा पुन्हा मोजलं आणि दोरा कापला. आज माझ्या गळ्यात आहे तो हाच दोरा.

ते तीन आठवडे सोपे नव्हते. आयुष्यभर मुलांना "ओरडू नका" सांगणाऱ्या बाई आता रोज येऊन मला समोर ठेवून ओरडत होत्या आणि लाजत होत्या. काका "काय?" म्हणत आणि बोलणी खात. एकदा बाई चिडून म्हणाल्या, "मी म्हटलं, तुमचं डोकं फिरलंय." काका म्हणाले, "हे आलं ऐकू." आकडा दोनने चढला. एक वीत अंतरावरून, कोणी न सरकवता.

महिनाअखेरीस ताईंनी मला पिशवीत घालून शाळेत नेलं. कित्येक वर्षांनी मी खोलीबाहेर पडलो. मला शेवटच्या बाकावर ठेवलं. शेजारी मुख्याध्यापक बसले, बाकात न मावणारे गुडघे एका बाजूला काढून. बाईंपासून मी दहा पावलांवर होतो. काका मागच्या खिडकीबाहेर उभे होते.

बाईंनी धडा सुरू केला. पहिली चार वाक्यं पोचली. मग आवाज घसरू लागला. सातव्या वाक्याला माझा पडदा हलेनासा झाला. समोरच्या बाकावरची मुलं अस्वस्थ झाली, दोघं सवयीने उठायला लागली. मुख्याध्यापकांनी खिशातलं पेन काढलं.

"काय?" खिडकीतून आवाज आला, चांगला खणखणीत.

सगळा वर्ग हसला. बाईंनी पुस्तकातून मान वर केली. खिडकीकडे पाहिलं. मग छाती भरून श्वास घेतला आणि तेच वाक्य पुन्हा वाचलं. 'प' फुटला तो स्वच्छ फुटला, त्याच्या आधीच्या क्षणात पूर्ण शांतता होती. उठलेली मुलं खाली बसली. त्यानंतर पान संपेपर्यंत काकांनी आणखी दोनदा "काय?" म्हटलं. दोन्ही वेळा बाईंचा आवाज वर आला. मुख्याध्यापकांनी पेन परत खिशात ठेवलं. म्हणाले, "आलं ऐकू."

बाईंनी ती मुलं पाचवीच्या दारापर्यंत पोचवली. मित्रांनो, इथे गोष्ट संपवली असती तर तुम्हाला बरं वाटलं असतं. पण हे दुखणं बरं होणारं नव्हतं, त्याला नुसतं थोपवता येत होतं. पुढची पाच वर्षं बाई दर महिन्याला येत राहिल्या आणि मी त्यांचा आवाज उतरताना टिपत राहिलो. 'आ' पाच सेकंदांचा झाला, मग तीन. एक दिवस ताईंनी दोरा लावला, बाईंनी ओठ हलवले आणि पडद्यावरची रेघ उठली नाही. त्यानंतर नोंदी बंद झाल्या.

मीही निवृत्त झालो. ताईंनी नवा माइक घेतला, मला कपाटात ठेवलं नाही, टेबलाच्या कडेला ठेवलं. गेल्या आठवड्यात काका बाईंना चाकाच्या खुर्चीतून घेऊन आले.

"ताई, हिच्या नोंदी आहेत का अजून?"

"सगळ्या आहेत."

"मला त्या रद्द केलेल्या हव्यात. मी माइक सरकवला होता त्या."

ताईंना आश्चर्य वाटलं. "काका, त्या बिघडलेल्या आहेत. त्यांत सगळे 'प' फुटलेत. मोजमापाला काही उपयोगाच्या नाहीत."

"मोजायचं नाहीये," काका म्हणाले. "बाकीच्यांत ती टेबलापलीकडे बसलीय. त्यांत ती जवळ आहे. ही रोज समोर असते ताई, पण मला हिचा आवाज आठवेनासा झालाय."

ताईंनी सातवी नोंद लावली. खोलीत बाईंचा आवाज आला, अंगापेक्षा भारदस्त, श्वासासकट. 'पाऊल' आलं आणि धप्प झालं. खुर्चीतल्या बाईंचे खांदे हलू लागले. त्या हसत होत्या, आवाजाशिवाय. मग त्यांचे ओठ हलले.

"काय?" काका म्हणाले. आणि मला न सरकवता ते स्वतः उठले, वाकले आणि त्यांनी आपला कान बाईंच्या ओठांना लावला. काय ऐकलं ते मला ठाऊक नाही. माझ्यापर्यंत काही पोचलं नाही.

तर मित्रांनो, माझी तार गुंडाळताना पिळू नका, जाळीवर फुंकर घालू नका आणि दोरा सोडू नका. मोजायचं असेल तेव्हा एक वीत म्हणजे एक वीतच ठेवा. आणि तुमच्या घरात कोणाचा आवाज बारीक होत गेला तर लाजू नका, अंदाज करू नका, "काय?" म्हणा. तरीही ऐकू आलं नाही तर माझ्यासारख्याला पुढे ढकलू नका. तुम्ही उठा आणि जवळ जा.